बोनेअरचा व्हिला आणि ५,००५ डॉलर

सुट्टीसाठी भाड्याचं घर ठरवताना फसवणुकीत गेले ५,००५ डॉलर. आकडा आधीच सांगून टाकते, म्हणजे वाचताना अंदाज बांधत बसायला नको. त्यातले २,१४५ माझ्या नणंदेचे होते आणि झोंबतात ते तेच जास्त.

आम्ही न्यू जर्सीत राहतो. नवरा आणि मी स्कूबा डायव्हिंग शिकलो ते तारकर्लीला, मोठ्या मुलाने नंतर इकडे कोर्स केला. नणंदेचा नवरा तर आमच्या आधीपासूनचा डायव्हर. दोन्ही घरांनी मिळून एकदा जायचं, हे कधीपासून चाललं होतं आणि ठिकाणाबद्दल कोणाचंच दुमत नव्हतं: बोनेअर. व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यासमोरचं छोटंसं डच बेट, चक्रीवादळांच्या नेहमीच्या वाटेच्या दक्षिणेला. १९७९ पासून भोवतीचा समुद्र सागरी उद्यान म्हणून राखलेला. तिथे डाइव्ह करायला बोटीच्या वेळा सांभाळाव्या लागत नाहीत. पिकअप भाड्याने घ्यायचा, मागे हवेच्या टाक्या टाकायच्या, रस्त्याच्या कडेला पिवळा रंग दिलेला दगड दिसला की थांबायचं. दगडावर जागेचं नाव लिहिलेलं असतं. तिथून चालत पाण्यात. ज्यांना डाइव्ह करायचं नाही त्यांच्यासाठी दक्षिणेला मिठागरं आणि फ्लेमिंगो, गुलामांसाठी १८५० मध्ये बांधलेल्या, वाकल्याशिवाय आत शिरता येणार नाही अशा दगडी खोपट्या, उत्तरेला वॉशिंग्टन स्लाखबायचं राष्ट्रीय उद्यान, समोरच्या क्लाइन बोनेअर या छोट्या बेटाला स्नॉर्कलिंग.

हे सगळं मला पाठ होतं. "माहिती न काढता पैसे पाठवले असतील" असं ज्यांना वाटतंय त्यांच्यासाठी मुद्दाम लिहितेय. माझ्याकडे एक्सेल शीट होती. हिल्मा हूकरचं बुडालेलं जहाज कोणत्या दिवशी करायचं, कारण ते शंभर फूट खोल आहे आणि तेवढ्या खोल डाइव्हनंतर लगेच विमानात बसणं धोक्याचं, इथपर्यंत मी ठरवून ठेवलं होतं.

घर सापडलं एका नेहमीच्या, मोठ्या साइटवर. बेटाची राजधानी क्रालेंडाइक, तिच्या दक्षिणेला बेलनेम भागात, चार बेडरूम, मागे टाक्या धुवायला आणि वेटसूट वाळत घालायला जागा. रात्रीचे ३४० डॉलर. पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे: मालक म्हणाला साइट फार कमिशन खाते, व्हॉट्सअ‍ॅपवर या, सगळं पॅकेज करून देतो. हो, आले मी व्हॉट्सअ‍ॅपवर. तुम्ही कधी कोकणातलं होमस्टे फोनवरून ठरवलं नाही का? गणपतीपुळ्याला ज्यांच्याकडे आम्ही उतरतो त्यांची तर वेबसाइटसुद्धा नाही. त्याने घराचा व्हिडिओ पाठवला. फाटकापाशी गाढव उभं होतं. बोनेअरला मोकाट गाढवं फिरतात, हे मला माहीत होतं, म्हणून तो व्हिडिओ मला आणखीच खरा वाटला. घर खरंच आहे म्हणा. फक्त त्याचं नाही.

हिशोब असा होता. सात रात्रींचे २,३८० आणि साफसफाईचे १५०, म्हणजे २,५३०; हे पहिल्यांदा पाठवले. मग दोन पिकअपचे ९१०, आम्हा चौघा डायव्हरांच्या टाक्यांचे ७६०, आणि सातही जणांचा प्रवेश कर व निसर्ग शुल्क, माणशी ७५ अधिक ४०, म्हणून ८०५. हे दुसऱ्यांदा, २,४७५. दोन्ही वेळा बँकेच्या अ‍ॅपमधून फोन नंबरवर. खातं एका बाईच्या नावावर होतं. "फ्लोरिडात माझी मेहुणी हिशोब बघते." बेटावरच्या किती घरांचे मालक हॉलंडमध्ये राहतात आणि व्यवहार तिसराच कोणी बघतो, हे शोधून पाहा आणि मग मला हसा. पण पैसे घेणाऱ्याचं नाव आणि घरमालकाचं नाव वेगळं असेल तर तिथेच थांबा. कारण कितीही पटण्यासारखं असलं तरी.

आता तो कागद.

दुसरे पैसे पाठवायच्या आधी त्याने पॅकेजमध्ये काय काय मिळेल त्याची यादी पाठवली. टाक्या, वजनं, प्रत्येकाला मास्क, फिन्स, आणि ग्लोव्ह्ज. खाली लिहिलेलं, विमानतळावरून थेट पाण्यात उतरा, कसली औपचारिकता नाही.

ग्लोव्ह्ज! बोनेअरच्या सागरी उद्यानात ग्लोव्ह्ज घालून डाइव्ह करायला बंदी आहे. हात उघडा असला की माणूस प्रवाळाला धरत नाही, एवढं साधं कारण. हा तिथला सगळ्यांत प्रसिद्ध नियम असेल. आणि औपचारिकता नाही कशी? पहिल्या डाइव्हच्या आधी प्रत्येकाला डाइव्ह शॉपमध्ये माहितीसत्राला बसावं लागतं, मग चाचणीची डाइव्ह, मग बाकी सगळं. जेवताना नवऱ्याने यादी वाचली आणि हसून म्हणाला, "अगं, याला बोनेअरचं काही माहीत दिसत नाही." मुलगासुद्धा हसला. मीही हसले. पोळी वाढता वाढता हसले. आम्हा तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही की ज्याचं घर त्या समुद्राला लागून आहे, जो दर आठवड्याला डायव्हरांना घर देतो, त्याला हे माहीत नसेल तर तो आहे कोण? मी म्हटलं, घरमालक आहे, डायव्हर थोडाच आहे. यादी कुठूनतरी उचलली असेल. उचललेलीच होती. सगळंच उचललेलं होतं.

त्याच कागदावर पिकअपचा भाव १,६२९ गिल्डर असा लिहून पुढे डॉलर केले होते. बोनेअरमध्ये १ जानेवारी २०११ पासून अमेरिकन डॉलरच चालतो. गिल्डर चालत होते शेजारच्या क्युरासावमध्ये. हे माझ्या शीटमध्ये, माझ्याच हाताने, "चलन" या रकान्यात लिहिलेलं होतं. आणि थाउजंड स्टेप्स ही डाइव्हची जागा घरापासून चालत पाच मिनिटांवर म्हणे! ती जागा शहराच्या उत्तरेला, घर दक्षिणेला विमानतळाच्या बाजूला. त्याचा फोन नंबर ५९९ ९ ने सुरू होत होता. तो क्युरासावचा, बोनेअरचा ५९९ ७. ही शेवटची गोष्ट मात्र मला नंतर कळली आणि ती आधी माहीत असायला हवी होती असं कोणी म्हणू नये.

कळलं कसं ते सांगते. प्रवेश कर भरला की प्रत्येकाच्या नावाचा क्यूआर कोड मिळतो, तो विमानतळावर दाखवायचा. त्याने सात कोड पाठवले, प्रत्येकाखाली नाव, पासपोर्टचे शेवटचे आकडे, झकास. नणंदेच्या मुलीने सहज म्हणून स्वतःचा आणि माझ्या धाकट्याचा कोड शेजारी शेजारी धरला. सोळा वर्षांची पोर. "मामी, हे दोन्ही सेम आहेत." सातही सेम होते. स्कॅन केले तर कुठेच उघडत नव्हते. मी त्याला विचारलं, तर उत्तर आलं की सिस्टिममध्ये बिघाड आहे आणि घराच्या अनामत रकमेचे १,२०० अजून यायचे आहेत. त्यानंतर माझा नंबर ब्लॉक.

म्हणून एक लक्षात ठेवा: तो कर आणि ते शुल्क सरकारी आणि उद्यानाच्या अधिकृत साइटवर स्वतः भरा. दोन्ही मिनिटांचं काम आहे. तुमच्या वतीने भरून देणारा माणूस त्यात काहीच वाचवून देऊ शकत नाही, त्याला फक्त तुमचे पासपोर्ट मिळतात. आमचे मिळाले.

मग बँक. फोनवर तो वाजत राहणारा पियानो, मग एक मुलगी. शांतपणे तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पैसे तुम्हीच पाठवले ना?" मीच पाठवले. मग तो व्यवहार अनधिकृत होत नाही. अमेरिकेतला १९७८ चा कायदा आहे म्हणे. कोणी चोरून माझ्या खात्यात शिरून पैसे काढले असते तर बँक बांधील होती, पण मला फसवून माझ्याच बोटाने बटण दाबायला लावलं तर नाही. म्हणजे चोराने जेवढं जास्त डोकं लावलं तेवढी बँक सुटली. मी विचारलं, ज्या खात्यात पैसे गेले ते तुमच्याकडे दिसतंय, बंद तरी करा. "ते दुसऱ्या बँकेचं आहे." मग त्या बँकेला कळवा. "विनंती पाठवू." विनंतीचं काय झालं विचारायला फोन केला की पुन्हा पियानो.

पोलीस ठाण्यातल्या अधिकाऱ्याने मला विचारलं, "बोनेअर कुठल्या काउंटीत येतं?" मी सांगितलं, नेदरलँड्समध्ये. तो म्हणाला, मग तिकडे तक्रार करा. मी तिकडे ईमेल केला. तिकडून उत्तर आलं, अतिशय सभ्य, की पैसे अमेरिकेतून अमेरिकेतल्याच खात्यात गेले आहेत, त्यामुळे स्थानिक पोलिसांशी संपर्क साधावा. ते उत्तर छापून मी पुन्हा त्या अधिकाऱ्याकडे नेलं. त्याने मला एका सरकारी ऑनलाइन फॉर्मची लिंक दिली. फॉर्म भरला, पानंच्या पानं, मेहुणीचं खातं, नंबर, स्क्रीनशॉट सगळं. पोच मिळाली. पोचेत लिहिलंय की प्रत्येक तक्रारीला उत्तर मिळेलच असं नाही. आणि जिथे घर सापडलं ती साइट? "संभाषण आमच्या प्रणालीबाहेर झाल्यामुळे आम्ही जबाबदार नाही." ज्या जाहिरातीपायी मी त्याच्यापर्यंत पोचले ती कोणाच्या प्रणालीत होती?

पुण्याहून बाबा रोज विचारायचे, "१९३० ला फोन केलास का?" त्यांच्या सोसायटीत कोणाचे तरी पैसे तसे वेळेत गोठवले गेले होते. बाबा, तो नंबर भारतातल्या फसवणुकीसाठी आहे. "मग तिकडचा नंबर कुठला?" मी ज्यांना ज्यांना विचारलं त्यांच्यापैकी एकानेही मला तसा नंबर सांगितला नाही. भारतात असाल आणि पैसे भारतातल्या खात्यातून गेले असतील, तर घरच्यांना सांगायची लाज वाटते म्हणून एक तासही वाया घालवू नका, १९३० आधी.

क्रेडिट कार्डाने भरले असते तर? १९७४ चा वेगळा कायदा आहे, स्टेटमेंट आल्यापासून साठ दिवसांत वाद उपस्थित करता येतो. जो माणूस कार्ड घेत नाही त्याला पैसे देऊ नका. दोन-तीन टक्के जास्त मागितले तर द्या. घराचे फोटो गूगलवर टाकून ते आणखी कुठे सापडतात का ते शोधा. मी शोधले, पण फक्त पहिला. तो त्याने आरशासारखा उलटा करून टाकला होता, म्हणून सापडला नाही. सगळे शोधा. टाक्या आणि पिकअप बेटावरच्या डाइव्ह शॉपकडून थेट घ्या, त्यांना फोन करा, माणूस उचलतो. त्यांनी मला एक गोष्ट फुकट सांगितली: पिकअपमध्ये काही ठेवू नका, आणि काचा उघड्या सोडा, नाहीतर चोर फोडतात.

नणंदेला मी २,१४५ परत केले. ती नको म्हणाली. मग म्हणाली, "वहिनी, तू एवढी बारकाईने बघतेस म्हणून आम्ही काही विचारलंच नाही गं." हे तिने प्रेमाने म्हटलं होतं. तिच्या नवऱ्याने काही म्हटलं नाही, फक्त पुढच्या वेळी घर तो बघणार, असं दादाला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, कळवलं. ठीक आहे. त्याने बघावं. पण ग्लोव्ह्जच्या यादीची प्रत त्यालाही गेली होती आणि आमच्या सगळ्यांत जास्त डाइव्ह त्याच्याच आहेत, एवढं मी इथे नोंदवून ठेवते.

विमानाची तिकिटं परत न मिळणारी होती, त्यामुळे आम्ही जाणार आहोत. एका डाइव्ह शॉपच्या मागच्या दोन खोल्या मिळाल्या आहेत, कार्डाने.

काल तेच घर मला पुन्हा दिसलं. त्याच साइटवर, वेगळ्या मालकिणीच्या नावाने, रात्रीचे ३१० डॉलर, फोटोंचा क्रम बदललेला, गाढव चौथ्या फोटोत. मी तक्रारीचं बटण दाबलं आहे. अजून जाहिरात तिथेच आहे. बेलनेममध्ये चार बेडरूमचं, निळ्या फाटकाचं घर कोणी तुम्हाला व्हॉट्सअ‍ॅपवर ठरवून देत असेल तर पैसे पाठवू नका.