नेणिवेचा ढग आणि रात्री साडेनऊची घंटा : ऑनलाइन ध्यान-वाचन वर्गाचा नऊ महिन्यांचा अनुभव

गेल्या सप्टेंबरपासून यंदाच्या जूनपर्यंत दर मंगळवारी रात्री मी एका ऑनलाइन वर्गाला बसत होते. हा वर्ग इंग्लंडमधून चालतो, कोणत्याही धर्माच्या आणि कोणताच धर्म न मानणाऱ्या माणसांना खुला आहे, आणि त्यात ख्रिस्ती गूढवाद्यांचे ग्रंथ अगदी संथपणे वाचून त्यानंतर सर्वांनी मिळून मौन धरायचे असते. मी नाशिकला राहते, शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाले आहे, आणि आमचे घर वारकरी आहे. ख्रिस्ती धर्माशी माझा संबंध रेव्हरंड टिळकांच्या कविता वर्गात शिकवण्यापुरता आणि वसईच्या एका मैत्रिणीकडे नाताळात जेवायला जाण्यापुरता होता. या वर्गाची माहिती त्याच मैत्रिणीने दिली. ती स्वतः मात्र तीन आठवड्यांत बाहेर पडली. त्याचे कारण पुढे सांगते.

दीड तासाच्या बैठकीत सुरुवातीला निवडलेला उतारा दोनदा मोठ्याने वाचला जाई. त्यानंतर पंचवीस मिनिटे मौन आणि मग चर्चा. ही पद्धत आजची नाही. बाराव्या शतकातील दुसरा गिगो नावाचा कार्थुसियन मठवासी वाचन, मनन, प्रार्थना आणि दर्शन अशी चार पायऱ्यांची शिडी सांगून गेला आहे, आणि ख्रिस्ती मठांतून ती चाल आजही सुरू आहे. आपल्याकडच्या श्रवण, मनन, निदिध्यासनाची आठवण होणे स्वाभाविक आहे. मलाही ती पहिल्याच दिवशी झाली आणि मी ती उत्साहाने बोलून दाखवली. संचालिकेने हसून मान डोलावली. अशी मान पुढे फार वेळा डोलावली जाणार होती, हे तेव्हा मला ठाऊक नव्हते.

तांत्रिक बाजूबद्दल थोडक्यात सांगते. इंग्लंडमध्ये सायंकाळी पाच वाजता सुरू होणारी बैठक आपल्याकडे रात्री साडेनऊला असते. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळे एक तास मागे जातात, आणि मग मार्चअखेरपर्यंत तीच बैठक साडेदहाला येते. साडेदहाला डोळे मिटून बसणे म्हणजे काय, हे साठी उलटलेल्यांना सांगायला नको. नोव्हेंबरातील दोन मौने मी चक्क झोपेत काढली आहेत. दुसरी अडचण घंटेची. मौन संपल्याची खूण म्हणून संचालिका काशाच्या वाटीवर टोला देत असे, परंतु मागचा गोंगाट आपोआप गाळणारी झूमची सोय त्या नादालाही गोंगाट समजून गिळून टाकी. त्यामुळे पहिले तीन आठवडे आम्ही मौन संपून गेले तरी तसेच बसून राहिलो, आणि कोणी तरी खोकल्यावर एकेकाने डोळे उघडले. 'ओरिजिनल साउंड' ही सोय सुरू केल्यावर घंटा ऐकू येऊ लागली. पडद्यावर एकत्र बसून मौन साधते का, असे मला अनेकांनी विचारले. साधते, असे माझे उत्तर आहे, आणि त्याचे मला स्वतःलाच आश्चर्य वाटले. मात्र पडद्यावरचा स्वतःचा चेहरा लपवून ठेवावा लागतो. नाही तर अर्धे लक्ष आपली मान सरळ आहे की नाही याकडेच राहते.

पहिले चार महिने एकच ग्रंथ होता. 'द क्लाउड ऑफ अननोइंग' हे त्याचे नाव. चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमध्ये एका अनामिकाने आपल्या तरुण शिष्यासाठी तो लिहिला. त्याची लहान लहान पंचाहत्तर प्रकरणे आहेत, आणि नावाचे मराठी करायचे झाले तर कसे करावे यावर माझा एक आठवडा गेला. 'अज्ञानाचा ढग' म्हणावे तर ते सरळ चुकीचे होते, कारण लेखकाला अभिप्रेत असलेले न-जाणणे हा दोष नाही. 'नेणिवेचा ढग' हे शब्द मला आवडले, पण मानसशास्त्राच्या पुस्तकांनी 'नेणीव' हा शब्द अबोध मनासाठी वापरून त्याचा जुना अर्थ झाकून टाकला आहे. तरीही मी तोच ठेवला, कारण रोज संध्याकाळी आमच्या घरी हरिपाठात तो म्हटला जातो : 'जाणीव नेणीव भगवंतीं नाहीं'.

या लेखकाचे म्हणणे असे की साधक आणि देव यांच्यामध्ये न-जाणण्याचा एक ढग असतो आणि बुद्धीने तो भेदता येत नाही. प्रेमाने देव हाती लागतो, विचाराने कधीही नाही. वर हा ढग, आणि खाली साधकाने स्वतः पसरायचा विस्मरणाचा ढग. त्या खालच्या ढगाखाली सगळ्या सृष्ट वस्तूंचे विचार झाकायचे. साधना एवढीच की एक छोटा शब्द घ्यावा, शक्यतो एकाच उच्चारघटकाचा (इंग्रजीतल्या एका 'सिलॅबल'चा), आणि तो मनाशी घट्ट धरून वरच्या ढगावर आघात करीत राहावे. तो शब्दाला ढालही म्हणतो आणि भालाही. आग लागलेल्या घरातला माणूस लांबलचक वाक्य बोलत नाही, एकच शब्द ओरडतो, हा त्याचा दृष्टान्त मला फार पटला. कोणी विचार येऊन त्या शब्दाचा अर्थ फोडून सांगू लागला, तर मला तो अखंडच हवा आहे असे त्याला सांग, असाही त्याचा सल्ला आहे. तीस वर्षे शब्दांच्या व्युत्पत्ती फळ्यावर लिहिलेल्या बाईला तो चांगलाच झोंबला. मी 'राम' हा शब्द घेतला, कारण उच्चारात तो एकाच झटक्यात येतो. पाचव्या मिनिटाला त्याचा 'विठ्ठल' होई. अखेर मी भांडणे सोडून दिले.

इथेच या वर्गाचा मला झालेला सर्वांत मोठा लाभ आहे, आणि तो वर्गाच्या योजनेत नव्हता. 'हे तर आपले नामस्मरणच' असे मला पहिल्या महिन्यात वाटत होते. संचालिकाही दर आठवड्याला 'आपण सारे एकच बोलत आहोत' असे म्हणत असे. वाचत गेले तसतसे ते तसे नाही हे स्पष्ट होत गेले. आपल्याकडे नाम हे साधनही आहे आणि साध्यही. नाम आणि नामी यांत भेद नाही, ही वारकऱ्यांची श्रद्धा आहे. या अनामिकाचा शब्द हे केवळ हत्यार आहे. हवा तर दुसरा घ्या, असे तो मोकळेपणाने सांगतो. त्याचा ढग या जन्मात पूर्णपणे हटतही नाही. उलट हरिपाठाच्या चरणात भगवंताच्या ठायी जाणीवही नाही आणि नेणीवही नाही. उच्चार तेवढा करायचा आहे. हा चरण मी लहानपणापासून म्हणत आले आहे, पण त्यातल्या 'नाहीं'वर माझे बोट पहिल्यांदा पडले ते एका इंग्रज अनामिकाशी मनातल्या मनात वाद घालताना.

माझ्या वसईच्या मैत्रिणीने वर्ग सोडला तोही याच शब्दावरून. ती म्हणाली, "आमच्याकडे हे पुस्तक कोणी वाचत नाही गं. आम्ही रोझरी करतो. मणी ओढायचे नाहीत, मरियेचे नाव घ्यायचे नाही, मग मी तिथे बसून करू काय?" मला वाटते, तिची रोझरी माझ्या हरिपाठाला या ग्रंथापेक्षा कितीतरी जवळची आहे. वर्गात हे मी सांगितले, तेव्हा एका आयरिश गृहस्थांनी आपल्या आजीची जपमाळ आत जाऊन शोधून आणली आणि कॅमेऱ्यासमोर धरली.

जानेवारीत आविलाची तेरेसा सुरू झाली आणि वर्गाला खरा रंग चढला. तेरेसा ही कार्मेलाईट संघाची जोगीण १५१५ साली स्पेनमध्ये जन्मली आणि १५८२ साली वारली. 'आंतरिक किल्ला' हा ग्रंथ तिने १५७७ च्या जून ते नोव्हेंबर या काळात वरिष्ठांच्या आज्ञेवरून लिहिला. आत्मा म्हणजे स्फटिकाचा किल्ला, त्यात एकात एक सात महाल, आणि सर्वांत आतल्या महालात देव, अशी तिची मांडणी आहे. तिची लिहिण्याची तऱ्हा मात्र मांडणीत मावत नाही. मध्येच आपले डोके दुखते, त्यात नद्यांचा घोंघाट चालल्यासारखे वाटते, अशी तक्रार ती करते आणि पुढच्याच वाक्यात पुन्हा प्रार्थनेवर येते. प्रास्ताविक म्हणून आम्ही तिच्या आत्मचरित्रातील बागेचा दृष्टान्त वाचला. प्रार्थना म्हणजे बागेला पाणी देणे, आणि त्याच्या चार रीती : विहिरीतून हाताने शेंदणे, रहाटाने काढणे, ओढ्याचे पाणी बागेत आणणे, आणि पाऊस. पहिल्या रीतीत कष्ट सगळे आपले, शेवटच्या रीतीत आपले काहीच नाही. युरोपातील मंडळींना रहाट म्हणजे काय हे चित्र दाखवून समजावावे लागले. माझ्या आजोळी कोकणात रहाटगाडगे होते. त्याचा करकर आवाज मला त्या रात्रीच्या मौनात अखंड ऐकू आला, आणि ध्यान म्हणून ते मोजायचे की नाही याचा निर्णय मी अजून केलेला नाही.

तेरेसाने माझी एक जुनी अडचण सोडवली. अनामिकाच्या मते या साधनेच्या वेळी ख्रिस्ताच्या दुःखसहनाचे चिंतनसुद्धा विस्मरणाच्या ढगाखाली ठेवायचे असते. 'सुंदर ते ध्यान' डोळ्यांपुढे ठेवून वाढलेल्या माणसाला हे जड जाते. तेरेसा मात्र सहाव्या महालात पोहोचल्यावरही बजावते की ख्रिस्ताचे मनुष्यरूप सोडून देऊ नका, मी ते एकदा सोडून पाहिले आणि ती चूक होती. सगुण-निर्गुणाचा हा वाद ख्रिस्ती परंपरेच्या पोटातही इतका जिवंत आहे, हे कोणत्याही सर्वधर्मसमभावाच्या व्याख्यानातून मला कळले नसते. मी तेरेसाच्या बाजूने बोलले. नियमाने झेन ध्यान करणारे एक डच सदस्य अनामिकाच्या बाजूने बोलले, आणि त्या दिवशी बैठक वीस मिनिटे लांबली.

योहान ऑफ द क्रॉसला फक्त चार आठवडे दिले, ही माझी पहिली गंभीर तक्रार. तेरेसाचा हा सहकारी १५७७ च्या डिसेंबरपासून पुढच्या ऑगस्टपर्यंत तोलेदो येथे आपल्याच संघाच्या माणसांच्या कैदेत होता आणि अखेर तिथून निसटला. त्याची 'काळोखी रात्र' ही इंद्रियांची आणि आत्म्याची आसक्ती गळून पडण्याची प्रक्रिया आहे. वर्गात मात्र जो तो आपल्या नैराश्याला आणि नोकरी जाण्याला ते नाव देऊ लागला. त्या दुःखांची मला कणव आहे, पण ग्रंथ बाजूला पडला. दुसरी तक्रार उताऱ्यांची. ढगाच्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत लेखक कळकळीने विनवतो की हे पुस्तक वाचायचे तर पूर्ण वाचा, तुकडे पाहून गैरसमज होईल. आणि ती प्रस्तावनासुद्धा आम्हाला तुकड्यात आली.

आंतरधर्मीय म्हणावे तर आमच्या चौदा जणांत दहा जण ख्रिस्ती किंवा एके काळचे ख्रिस्ती होते. बाकीच्यांकडून सौजन्यपूर्ण दुजोऱ्याची अपेक्षा असे. संचालिकेने एकदा जॉन मेन या बेनेडिक्टाईन मठवाशाची हकीकत सांगितली. १९५० च्या दशकात मलायात ब्रिटिश नोकरीत असताना ते एका हिंदू स्वामींकडून, स्वामी सत्यानंदांकडून, मंत्राने ध्यान करायला शिकले. पुढे मठात गेल्यावर त्यांना एकच वचन सतत घोळवण्याची तीच रीत जॉन कॅशियन या पाचव्या शतकातील लेखकाकडे सापडली, आणि 'मारानाथा' हा अरमाइक शब्द घेऊन त्यांनी ती लोकांना शिकवली. हकीकत खरी आहे आणि सुंदरही आहे. पण ती सांगून झाल्यावर सर्वांनी माझ्याकडे अशा कौतुकाने पाहिले, की जणू मलायातल्या त्या स्वामींना मीच पाठवले होते.

मार्चमध्ये मी गोव्याचा विषय काढला. तेरेसाचे आत्मचरित्र स्पेनच्या इन्क्विझिशनने, म्हणजे पाखंड शोधून शिक्षा करणाऱ्या धर्मन्यायालयाने, ताब्यात घेतले होते, तिच्या यहुदी वंशाच्या आजोबांनाही त्यांनी शिक्षा केली होती, हे वर्गात हळहळून सांगितले जात होते. तेव्हा मी म्हटले की त्याच जातीचे पोर्तुगीज न्यायालय १५६० पासून गोव्यात बसले होते आणि १८१२ पर्यंत टिकले, आणि माझ्या भाषेतील अनेक कुटुंबे त्या धास्तीने घरदार सोडून गेली. संचालिका विषय पुढे नेण्याच्या बेतात होती. तिला थांबवले ते एका निवृत्त अँग्लिकन धर्मगुरूंनी. "यावर आधी गप्प बसू या," असे ते म्हणाले, आणि नियोजन नसलेले एक दहा मिनिटांचे मौन झाले. त्यानंतर मी त्यांना फादर थॉमस स्टीफन्सबद्दल सांगितले. तेरेसा हयात असतानाच, १५७९ साली, हा इंग्रज जेझुइट गोव्यात उतरला आणि त्याने मराठी ओव्यांत ख्रिस्तपुराण रचले, जे १६१६ साली गोव्यातच राशोलला छापले गेले. 'जैसी हरळांमाजी रत्नकिळा' ही ओवी मी म्हणून दाखवली. त्या इंग्रज मंडळींपैकी एकानेही त्याचे नाव ऐकलेले नव्हते.

व्यवहाराचे सांगायचे तर शुल्क ठरलेले नाही, ऐच्छिक वर्गणी आहे. ती पाठवताना माझे कार्ड दोनदा नाकारले गेले आणि अखेर भाच्याने तिकडून भरली. इंग्रजी सफाईने बोलता आले नाही तरी चालते, पण वाचता चांगले यायला हवे. निव्वळ मनःशांतीसाठी ध्यान हवे असेल तर घरात बसलेले बरे. ग्रंथ वाचायची सवय असेल, आणि स्वतःच्या परंपरेतला एखादा तरी ग्रंथ मुखोद्गत असेल, तरच इथे वेळ घालवण्यात अर्थ आहे, असे माझे मत झाले आहे.

सप्टेंबरपासून नॉर्विचची ज्यूलियन, ही चौदाव्या शतकातील इंग्रज गूढवादी लेखिका, वाचायची ठरली आहे. तिने ख्रिस्ताला आई म्हटले आहे, म्हणून संचालिकेने 'विठाई'वर दहा मिनिटे बोलाल का, असे मला आतापासूनच विचारले आहे. मी होकार दिला आहे, पण ज्यूलियन आधी पूर्ण वाचून होईल तेव्हाच बोलेन, असेही कळवले आहे. त्यांचे उत्तर अजून आलेले नाही.