हार्डवेअर टाइमस्टॅम्प आला एकदाचा, पण लिंक हलवू नका

हे नेटवर्क कार्ड माझ्याकडे बरेच दिवस पडून आहे, त्याच्या नव्या लिनक्स ड्रायव्हरबद्दल हे. चिपमध्ये पीटीपीचं (नेटवर्कवरून मशीनची घड्याळं अचूक जुळवायची पद्धत) घड्याळ पहिल्यापासूनच होतं, डेटाशीटमध्ये रजिस्टरसकट लिहिलेलं, फक्त लिनक्सच्या ड्रायव्हरला त्याचा पत्ता नव्हता. इथटूलला (कार्डाची माहिती देणारी कमांड) विचारलं की सॉफ्टवेअर टाइमस्टॅम्प, म्हणजे पॅकेटवर वेळेचा शिक्का कार्ड नाही तर सॉफ्टवेअर मारणार, एवढंच यायचं. बरं, लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये ही घड्याळं जोडायची सोय ३.० पासून, म्हणजे २०११ पासून आहे!

आता नवीन ड्रायव्हर असलेलं कर्नल टाकलं आणि /dev खाली पीटीपी०, म्हणजे ते घड्याळ दिसलं. पीटीपी४एल (पीटीपीने घड्याळ जुळवणारा प्रोग्राम) चालू केलं, आधी ऑफसेट, म्हणजे वेळेतला फरक, मायक्रोसेकंदांत इकडून तिकडे उड्या मारायचा तो आता नॅनोसेकंदांत दोन आकड्यांवर येऊन बसलाय. होणारच म्हणा, सॉफ्टवेअरवाल्यात पॅकेट ड्रायव्हरच्या हातात आल्यावर वेळ बघतात, तोवर इंटरप्ट, रांग, सीपीयूला झोपेतून उठायला लागलेला वेळ सगळं त्यात मिसळलेलं असतं. इथे वायरजवळच शिक्का बसतो.

आता कुरकुर. येणाऱ्या पॅकेटचं काम मस्त, वेळ डिस्क्रिप्टरबरोबरच (पॅकेटची माहिती देणारी नोंद) येते. जाणाऱ्याचं मात्र एकच रजिस्टर, त्यामुळे एका वेळी एकाच पॅकेटची वेळ मिळते, दुसरं मध्ये घुसलं की त्याला शिक्का नाही. आणि ट्रॅफिक वाढला की ड्रायव्हर ते रजिस्टर वाचायला उशीर करतो, मग पीटीपी४एल टाइमआउट म्हणून ओरडतं आणि पोर्ट फॉल्टीमध्ये (बिघडल्याची अवस्था) जातो. मी टीएक्स टाइमस्टॅम्प टाइमआउट (जाणाऱ्या पॅकेटच्या शिक्क्याची वाट बघायची मुदत) ५० मिलिसेकंद केला तेव्हा गप्प बसलं. एका रजिस्टरचा दोष ड्रायव्हर लिहिणाऱ्याला देत नाही, हार्डवेअरच तसं आहे.

पण दुसरी गोष्ट ड्रायव्हर लिहिणाऱ्याच्याच खात्यात. केबल काढून परत लावली की ड्रायव्हर चिप रीसेट करतो आणि घड्याळ थेट १९७० ला, म्हणजे शून्यावर! वर टाइमस्टॅम्पिंगचं सेटिंगही पुसलं जातं. रीसेटनंतर सेटिंग परत लिहायचं आणि घड्याळात सिस्टमची वेळ भरायची, एवढंच करायचं होतं हो. माझा अर्धा दिवस गेला यात, पीएचसी२सिस (कार्डाच्या घड्याळाची वेळ सिस्टमला देणारा प्रोग्राम) चालू होतं आणि सगळ्या मशीनची वेळ पार बोंबलली, लॉग बघून आधी वाटलं डिस्कच गेली.

अजून एक, कुठल्या पॅकेटला शिक्का मारायचा ते ठरवणारे फिल्टर फक्त पीटीपीचे आहेत. क्रोनी (एनटीपी या दुसऱ्या, जुन्या पद्धतीने वेळ जुळवणारा प्रोग्राम) वापरणाऱ्यांनी हार्डवेअर टाइमस्टॅम्प चालू केला तरी येणाऱ्या एनटीपी पॅकेटला शिक्का मिळणार नाही, कारण त्याला सगळ्या पॅकेटचा किंवा एनटीपीचा फिल्टर लागतो.

पाचात साडेतीन. अर्धा मार्क त्या १९७० ने खाल्ला, दुरुस्तीचा पॅच पाठवलाय, ड्रायव्हरमध्ये घेतला की चार करतो. आणि घड्याळ ३७ सेकंद पुढे दिसलं तर घाबरू नका, पीटीपी टीएआय वेळेवर (अणुघड्याळांची वेळ, आपल्या नेहमीच्या यूटीसीपेक्षा तेवढीच पुढे) चालतं, तो बग नाही.