मोडी लिहायला बोरू घ्यावा की टाक?

मोडीची बाराखडी हातात बसली, थोडंफार वाचता येऊ लागलं, आणि आता रोज मनाचे श्लोक मोडीत उतरवून काढायचे असं मनात घेतलं, की हा प्रश्न येतोच. बोरू म्हणजे काडी तासून केलेली लेखणी, टाक म्हणजे शाईत बुडवून लिहायची पोलादी निबची लेखणी. मी दोन्हींनी पुष्कळ लिहिलंय. टाक अजूनही जपून ठेवलाय, पण रोज लिहायला बसलो की हात बोरूकडे जातो.

आधी टाकाची बाजू. पोलादी निब तासावी लागत नाही. २०५ श्लोक लिहायचे तर पहिल्या पानावरची अक्षराची जाडी शेवटच्या पानापर्यंत टिकते. बोरूचं तसं नाही. शाईत बुडून बुडून त्याचं टोक मऊ पडतं, अक्षर फुगायला लागतं आणि ऐन लय लागलेली असताना चाकू हातात घ्यावा लागतो. संध्याकाळी जेमतेम अर्धा तास मिळणाऱ्याला हा व्याप जड जाऊ शकतो. तुम्ही बाळबोध, म्हणजे नेहमीची देवनागरी लिहिणार असाल, तेही गुळगुळीत कागदावर, तर खुशाल टाक घ्या.

मोडीची चाल मात्र वेगळी. आधी पानभर आडवी रेघ ओढून घ्यायची आणि मग अक्षर खालून वळवून वर रेघेला भिडवत, हात शक्यतो न उचलता पुढे जायचं. म्हणजे निब नुसती ओढून भागत नाही, वर ढकलावीही लागते. नेमक्या त्या वळणावर पोलादाचा कोपरा हातकागदाच्या तंतूत अडकतो, निब किंचित वाकते आणि सुटताना शाईचे बारीक शिंतोडे उडवते. त्यातला एखादा रेघेच्या वर पडला की अनुस्वार होऊन बसतो! बाळबोधीत असा ठिपका चटकन ओळखू येतो. मोडीत शब्द तोडून लिहायची रीत नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, त्यामुळे वाचणारा अशा लहान खुणांच्याच आधाराने पुढे सरकतो. जप म्हणून लिहिलेल्या ओळीत नको तिथे अनुस्वार दिसला की माझं तरी मन तिथेच अडखळतं. माझ्यापुरता निकाल इथेच लागला.

बोरूचं टोक शेवटी काडीचंच, ते तंतूवरून दबून सरकतं. क्वचित अडखळलं तरी शिंतोडा उडत नाही. घोटलेल्या कागदावर टाकाचाही त्रास बराच कमी होतो, हे मान्य करायला हवं. जुन्या काळी कागदाला खळ देऊन दगडाने घोटत, त्यामागे हेच गुळगुळीतपण होतं. पण असा कागद दर वेळी कुठून आणायचा?

आणखी एक गोष्ट. बाजारातल्या बहुतेक पोलादी निबा रोमन अक्षरांच्या हिशोबाने कापलेल्या असतात. आपल्या अक्षरांचा जाड-बारीकपणा उलट्या तिरपेवर पडतो, म्हणून मनगट वळवून लिहावं लागतं. देवनागरीसाठी तिरप्या कापलेल्या निबा मिळतात, पण शोधाव्या लागतात. बोरू आपण आपल्या हाताला मानवेल तसा तिरका कापतो. समर्थांनी दासबोधाच्या १९व्या दशकातला पहिलाच समास लेखनक्रियेला दिला आणि त्यात नाना देशांचे बोरू आणावेत असं आवर्जून सांगितलं. स्वतः बोरू कापू लागल्यावर तो समास मला जास्त जवळचा वाटायला लागला.

कट निबचं, म्हणजे टोक सपाट कापलेल्या निबचं फाउंटन पेन प्रवासात बरं, पण त्यात काजळ-डिंकाची शाई भरू नका, वाळली की पेन कायमचं चोंदतं.

बोरू घेणार असाल तर एकाच जाडीच्या काड्या निवडा, टोकाला मधोमध चीर द्या आणि लिहायला बसण्याआधीच दोन-तीन कापून ठेवा. एक मऊ पडला की पुसून वाळत ठेवायचा आणि दुसरा उचलायचा, म्हणजे चाकूसाठी मध्येच उठावं लागत नाही.