प्राग: जुन्या चौकात युरो बदलण्याआधी

प्रागला येणारा जवळजवळ प्रत्येक पर्यटक एकाच वाटेने चालतो. वेन्सेस्लास चौक, त्याच्या खालच्या टोकाचं मूस्तेक मेट्रो स्टेशन, मेलांत्रिखोवा गल्ली, खगोलीय घड्याळाचा जुना चौक, मग कार्लोवा गल्ली आणि शेवटी चार्ल्स ब्रिज. फसवणारेही याच वाटेवर उभे असतात. चेक प्रजासत्ताक युरोपीय संघात असलं तरी चलन कोरुना आहे. व्हिएन्नाहून खिशात युरो घेऊन आलेल्या माणसाला कोरुनाची नोट कशी दिसते हेच माहीत नसतं, आणि सगळा खेळ त्यावर चालतो.

सगळ्यात वाईट प्रकार रस्त्यावरचा. मनी एक्स्चेंजच्या दारात दर वाचत उभं राहिलात की एक जण येतो, "आत कशाला जाता, मी जास्त देतो" म्हणतो. दर खरोखर चांगला सांगतो, नोटा भराभर मोजतो आणि निघून जातो. हातात येतात बेलारूसचे जुने रुबल (2016 मध्ये तिथे 10,000 जुन्यांचा एक नवा रुबल झाला, त्यामुळे त्या नोटा आता निव्वळ कागद) किंवा हंगेरीचे फोरिंट. एका कोरुनाला साधारण 16 फोरिंट पडतात, म्हणजे 2000 कोरुनांऐवजी 2000 फोरिंट मिळाले तर हाती सव्वाशे कोरुनाच आले. कोरुनाच्या प्रत्येक कागदी नोटेवर माणसाचा चेहरा असतो: 100 वर राजा चौथा कारेल, 200 वर दाढीवाले शिक्षणतज्ज्ञ कोमेन्स्की, 500 वर लेखिका बोझेना न्येम्त्सोव्हा, 1000 वर इतिहासकार पालात्स्की, 2000 वर गायिका एमा देस्तिनोव्हा. हे फोटो आधीच फोनमध्ये ठेवा. फोरिंटवरही चेहरे असतात, तेव्हा नुसता चेहरा पाहून खूश होऊ नका, नोटेवरचं बँकेचं नाव वाचा: Česká národní banka, म्हणजे चेक नॅशनल बँक. एवढ्यात कोणी "पोलीस" म्हणून पाकीट तपासायला मागितलं तर देऊ नका. पोलीस ठाण्यात चला म्हणा किंवा 158 वर फोन करा.

दुसरा प्रकार दुकानातला, आणि तो बव्हंशी कायद्याच्या चौकटीत बसतो. "0% कमिशन" ही पाटी खरी असते, कारण दुकानदार कमाई दरातूनच काढतो. समजा चेक नॅशनल बँकेचा (देशाच्या मध्यवर्ती बँकेचा) त्या दिवशीचा दर एका युरोला 24.50 आहे आणि दुकान 18 ने घेतंय. 100 युरोला 2450 ऐवजी 1800 मिळाले. कमिशन शून्य, तोटा 650 कोरुना. फलकावर दोन रकाने असतात. तुम्ही युरो देताय म्हणजे तुमचा रकाना 'नाकूप', दुकानदाराचा खरेदीदर. दुसरा 'प्रोदेय', म्हणजे विक्रीचा, तो पाहून फसू नका. फलकाशी वाद घालण्यापेक्षा काउंटरवर एकच विचारा: "100 युरोचे हातात किती कोरुना?" आकडा कागदावर लिहून घ्या, बँकेच्या दराशी ताडून पाहा, मगच नोट काचेखालून सरकवा.

नोट देऊन झाली असेल तरी एक वाट आहे, आणि ती फार थोड्या पर्यटकांना ठाऊक असते. एप्रिल 2019 पासून मनी एक्स्चेंजमधला रोखीचा व्यवहार 3 तासांच्या आत रद्द करता येतो, 1000 युरोंच्या किमतीपर्यंत, कारण न देता. त्यासाठी पावती हवी आणि मिळालेले सगळे कोरुना परत करायला हवेत. म्हणून आधी दर पडताळा, खरेदी नंतर. दुकानदाराने नकार दिला तर पावतीसह चेक नॅशनल बँकेकडे तक्रार होते, या दुकानांवर देखरेख तिचीच. रस्त्यावरच्या माणसाकडून ना पावती मिळते ना हा हक्क.

एटीएमवर धोका वेगळा. मशीन विचारतं, रक्कम रुपयांत आकारू का? आकडा ओळखीचा दिसतो म्हणून बोट 'हो'वर जातं आणि मशीनचा महागडा दर लागू होतो. रूपांतर नाकारून कोरुनाच निवडा. फॉरेक्स कार्डावर फक्त युरो भरलेले असतील तर कोरुना काढताना क्रॉस करन्सी शुल्क (कार्डातलं चलन दुसऱ्या चलनात बदलण्याचा आकार) लागू शकतं, ते निघण्याआधी बँकेला विचारून घ्या.

जुन्या चौकातल्या स्टॉलवर भाजलेल्या हॅमचा वास येतो तेव्हा पाटीवरची बारीक अक्षरं वाचा: किंमत 100 ग्रॅमची असते. विक्रेता न विचारता 400 ग्रॅमचा तुकडा कापून तराजूवर टाकतो आणि 99 कोरुनांचं बिल 396 होतं. पाटीवर लिहिलेलं असल्यामुळे भांडायला जागा उरत नाही. सुरी चालण्याआधीच "देसेत देका" म्हणा. चेक लोक दहा ग्रॅमला देका म्हणतात, म्हणजे हे बरोबर शंभर ग्रॅम. शेजारी 'प्राचीन बोहेमियन' म्हणून विकला जाणारा त्र्देल्निक हा गोड पदार्थ प्रागच्या रस्त्यांवर याच शतकात फोफावला. खायला हरकत नाही, इतिहास म्हणून जास्त पैसे मोजू नका.