दहा महिने दर आठवड्याला तंदूर रोटी: आईसोबतचा अनुभव

मागच्या दिवाळीनंतर आई माझ्याकडे पुण्याला राहायला आली आणि तेव्हापासून आमचा नेमच झालाय, आठवड्यातून एकदा बाहेर जेवायचं. आईला तंदूर रोटी फार आवडते, गावाकडे मिळायची नाही म्हणून तिचं अप्रूप अजून गेलेलं नाही, पण तिला कवळी आहे त्यामुळे रोटी जरा गार झाली की तिला चावतच नाही. तर हे सगळं लिहितेय ते त्या एका अडचणीतून शिकलेलं आहे. सहा-सात हॉटेलं, दोन ढाबे, चाळीसेक जेवणं तरी झाली असतील. लोक हॉटेलबद्दल लिहिताना पनीर, चिकन, ग्रेव्ही यावर भरभरून लिहितात आणि रोटीबद्दल एक ओळ, सॉफ्ट होती म्हणून. मला उलट वाटतं, उत्तर भारतीय हॉटेलात रोटी चांगली असेल तर साधी दाल पण पोटभर जाते आणि रोटी बिघडली की चारशे रुपयांची भाजी तशीच राहते.

सुरुवात वाईटच झाली. एका मोठ्या एसी हॉटेलात गेलो, सहा रोट्या एकदम सांगितल्या, त्या कापडात गुंडाळून टोपलीतून आल्या आणि भाजी आली पंधरा मिनिटांनी. तोपर्यंत वरच्या रोट्या वातड आणि खालच्या वाफेनं ओल्या झालेल्या. आईनं एक घास घेतला, काही बोलली नाही, रोटी हळूच ताटाच्या कडेला सरकवली आणि जीरा राईस मागवला. घरी येईपर्यंत मला चैन पडलं नाही. कॅप्टनला सांगितलं तर म्हणाला मॅडम तंदूरची रोटी अशीच असते. अशी नसते हो, अजिबात नसते!

तंदूर रोटीचं आयुष्य चार-पाच मिनिटांचं असतं हे एकदा लक्षात आलं की बाकी सगळं सोपं होतं. आपल्याकडे भाकरी कशी, तव्यावरून थेट पानात पडली तर तिची चव वेगळी आणि दुरडीतून काढलेलीची वेगळी, तसंच आहे हे. ही रोटी पातळ असते, तेल-तूप आत नसतं आणि प्रचंड आचेवर दीड-दोन मिनिटांत भाजली जाते, त्यामुळे बाहेर काढल्यावर ती तेवढ्याच वेगानं सुकते आणि आतला स्टार्च गार होताना घट्ट होत जातो. म्हणून आम्ही आता आधी भाजी किंवा दाल टेबलावर येऊ देतो, मग रोटी सांगतो, ती पण एका वेळी दोनच, तिला एक मला एक. पहिल्यांदा वेटर लोकांना हे विचित्र वाटतं, सारखं सारखं कोण फेऱ्या मारणार, पण आई त्यांना म्हणते अरे बाळा माझे दात नाहीत रे, गरम आणशील तरच खाता येतं मला, की मग कोणी नाही म्हणत नाही. एक मुलगा तर आता आम्हाला बघूनच आत ओरडतो, दोन पतली, कडक नको!

हे आमचं सध्याचं आवडतं हॉटेल घरापासून दहा मिनिटांवर आहे, अगदी साधं, पंखे आणि सनमायकाची टेबलं. तिथं तंदूर काचेच्या पलीकडे दिसतो आणि आम्ही मुद्दाम त्या टेबलावर बसतो. तंदूर म्हणजे जमिनीत किंवा ओट्यात बसवलेला मातीचा रांजणच, खाली निखारे आणि भिंतीला रोटी. तो तंदूरवाला पिठाचा गोळा दोन तळव्यांमध्ये असा पटपट खेळवतो की बघता बघता त्याची पोळी होते, मग ती कापडाच्या गादीवर पसरतो, वरून पाण्याचा हात फिरवतो आणि अख्खा हात कोपरापर्यंत आत घालून भिंतीवर एक थाप देतो. सगळं दोन सेकंदांत. त्या पाण्यामुळे रोटी मातीला चिकटून बसते, मातीकडची बाजू खरपूस होते आणि निखाऱ्यांकडची बाजू धगीनं फुगून तिच्यावर काळे-तपकिरी डाग पडतात. मग दोन लांब सळया, एकीनं सोडवायची आणि दुसरीच्या आकड्यात अडकवून वर काढायची. आतली माती 400 डिग्रीच्या आसपास तापलेली असते. त्याच्या उजव्या हातावर कोपरापर्यंत एक केस नाही. आईनं पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा तिचं जेवणात लक्षच लागेना, जाताना काचेजवळ जाऊन त्याला म्हणाली फार छान झाली होती रोटी बाबा.

वेळेचं पण सांगते कारण त्याचा फार फरक पडतो. दुपारी बारा वाजता हॉटेल उघडल्या उघडल्या गेलं तर तंदूर नीट तापलेला नसतो, त्याला तासभर तरी लागतो, रोटी खालून पांढरी राहते. रविवारी रात्री नऊला गेलात तर उलटं, गर्दीत इतक्या रोट्या लागोपाठ लागतात की भिंत निवत जाते आणि शेवटच्या रोट्या फिकट येतात. आम्हाला सगळ्यात चांगल्या रोट्या मिळाल्यात त्या शनिवारी दुपारी दीडच्या सुमारास नाहीतर मधल्या वारी रात्री आठला.

आता प्रकार. साधी तंदूर रोटी म्हणजे गव्हाची असं आपण धरून चालतो पण तसं दरवेळी नसतं, बऱ्याच ठिकाणी मैदा मिसळतात कारण पीठ ताणायला सोपं जातं. एका ठिकाणी मी विचारलं तर त्यांनी सरळ सांगितलं अर्धा-अर्धा. मला त्याचं काही वाईट वाटलं नाही, विचारल्यावर खरं सांगितलं ना. तोडताना रबरासारखी ताणली गेली की समजायचं मैदा जास्त आहे. नान मैद्याचाच असतो, दही-दूध घालून पीठ ठेवलेलं असतं म्हणून तो मऊ, आणि आईसाठी गार झाल्यावरही त्यातल्या त्यात तोच चालतो. लच्छा पराठा दिसायला सुंदर पण पदर कडक होतात, तिला जमला नाही. मिस्सी रोटी बेसनाची, ओवा-कांदा घातलेली, ती मात्र मला इतकी आवडली की आता घरी तव्यावर करून बघते, तंदूरची चव येत नाही पण डब्याला बरी लागते. रुमाली रोटी मेनूत याच यादीत असते पण ती तंदूरमध्ये होतच नाही, उलट्या कढईवर होते.

मार्चमध्ये मावसभावाच्या लग्नाला संभाजीनगरला गेलो तेव्हा नान खलिया, म्हणजे मटणाचा रस्सा आणि नान, खाल्ला आणि तिथला नान बघून मी चाटच पडले. आपल्या हॉटेलातल्या नानसारखा लांबट नाही, जाड, गोल, वरून पिवळसर चकाकी असलेला, ब्रेडच्या जवळ जाणारा. 1327 च्या सुमारास महंमद तुघलकानं राजधानी दिल्लीहून दौलताबादला हलवली तेव्हा त्याच्या लष्करासोबत हे खाणं आलं असं तिकडे सांगतात. आईनं मटणाच्या रश्शात बुडवून दोन नान खाल्ले, कवळीचा प्रश्नच आला नाही. महाराष्ट्रात राहून मला हे इतक्या उशिरा कळलं, तुम्ही त्या बाजूला गेलात तर वेरूळ बघून तसेच परत येऊ नका, हे खाऊन या.

कोळशाचा तंदूर की गॅसचा, यावर घरी आमची बरीच चर्चा झाली. मुंबईत हायकोर्टाच्या जानेवारी 2025 च्या आदेशानंतर पालिकेनं कोळसा-लाकूड वापरणाऱ्या बेकऱ्यांना आणि हॉटेलांना 8 जुलै 2025 पर्यंत गॅस नाहीतर विजेवर जायला सांगितलं होतं, तेव्हा माझा भाऊ म्हणाला आता संपलं सगळं, चव गेली. मी पण आधी तसंच समजत होते. पण आम्ही नेहमी जातो त्यातलं एक हॉटेल गॅसवर आहे आणि तिथली रोटी एका कोळशावाल्या ढाब्यापेक्षा कितीतरी चांगली असते. कबाबाचं वेगळं, त्यातली चरबी निखाऱ्यावर पडते आणि तो धूर मांसाला लागतो. रोटीतून काय पडणार? ती भिंतीवर दोन मिनिटं असते, तिला माती आणि आच हवी, आणि गॅसच्या तंदूरला पण आतून मातीच असते. वर त्या कोळशाच्या धुरात रोज दहा-बारा तास उभं राहणारा माणूस आहे, त्याच्या छातीचा विचार केला तर मला गॅसच बरा वाटतो.

पार्सलबद्दल थोडक्यात, नका मागवू. फॉइलमध्ये बांधली की वाफेनं ओली होते आणि उघडली की वीस मिनिटांत चामट. फारच गरज पडली तर भाजी पार्सल आणा आणि पोळ्या घरी करा. आणलीच असेल तर मायक्रोवेव्हमध्ये घालू नका, पाण्याचा हात लावून कडकडीत तापलेल्या तव्यावर अर्धा-अर्धा मिनिट दोन्ही बाजूंनी, लगेच खायची.

खर्च सांगायचा तर आमच्या साध्या हॉटेलात रोटी तीस रुपये, बटर लावून पस्तीस, नान साठ. दोघींचं जेवण चार रोट्या, एक दाल, एक भाजी, ताक धरून पाचशेच्या आत बसतं. पहिल्या त्या एसी हॉटेलात नुसती रोटी साठ रुपये होती.

एक तक्रार आवडत्या हॉटेलबद्दल पण आहे, बटर सांगितलं नसेल तरी कधी कधी लावून आणतात आणि आईला डॉक्टरांनी लोणी-तूप कमी करायला सांगितलंय. दोनदा परत पाठवावी लागली, तेव्हापासून मी ऑर्डर देताना सूखी सूखी असं दोनदा म्हणते. आणि बुधवारी जात नाही. बुधवारी त्या तंदूरवाल्याची सुट्टी असते, बदली मुलगा नवीन आहे, त्याची रोटी अजून जाड होते. आईचं म्हणणं हात बसेल त्याचा, दोन महिन्यांनी बघू.