शस्त्रक्रिया उत्तम, आहारपत्रक निकामी: जळगावातील हायटस हर्नियाच्या उपचाराचा अनुभव

आईच्या हायटस हर्नियाची दुर्बिणीद्वारे शस्त्रक्रिया जळगावातील एका खासगी रुग्णालयात करून घेतल्याला आता बरेच महिने झाले आहेत. अनुभव लिहायचा राहूनच गेला होता. परंतु मागच्या आठवड्यात फेरतपासणीच्या बिलात ‘आहार सल्ला: ६०० रुपये’ ही ओळ पुन्हा दिसली आणि सल्ला म्हणून हातात पडले ते पहिल्या वेळचेच, झेरॉक्सची झेरॉक्स काढून अक्षरे पुसट झालेले आहारपत्रक. तेव्हा आता लिहिणे भाग आहे.

हा आजार ज्यांच्या घरात आहे त्यांना त्याची ओळख करून द्यायला नको. आईच्या बाबतीत जठराचा बराचसा भाग श्वासपटलातील छिद्रातून वर छातीत सरकला होता, तरी तिला जळजळ म्हणावी तशी कधीच नव्हती. घसरत होते ते हिमोग्लोबिन. चोपड्याला लोहाच्या गोळ्या चालू होत्या, त्यांनी रक्त वाढायचे आणि गोळ्या थांबल्या की पुन्हा उतरायचे. जळगावला एंडोस्कोपी केली तेव्हा श्वासपटलाच्या पातळीवर जठराच्या अस्तराला पडलेले लांबट व्रण दिसले. त्यांना कॅमेरॉन व्रण म्हणतात आणि मोठ्या हर्नियात त्यांतून नकळत थोडे थोडे रक्त झिरपत राहते. जे कोडे इतकी वर्षे सुटत नव्हते ते येथे पहिल्याच भेटीत सुटले, याचे श्रेय या रुग्णालयाला दिलेच पाहिजे.

पहिला खटका उडाला तो मॅनोमेट्रीवरून. अन्ननलिकेच्या स्नायूंचा दाब मोजणारी ही तपासणी येथे होत नाही, म्हणून आम्हाला नाशिकला पाठवले गेले. गाडीभाडे, तपासणीचा खर्च आणि नाकातून नळी घालून घेताना आईचे झालेले हाल पाहता, शस्त्रक्रिया करायचे ठरलेच आहे तर हा उपद्व्याप कशासाठी, असे मला वाटले आणि तसे मी स्वागतकक्षात ऐकवलेही. पुढे डॉक्टरसाहेबांनी कागदावर आकृती काढून समजावले तेव्हा त्या खर्चाबद्दलचे माझे मत बदलले. या शस्त्रक्रियेत जठर खाली ओढून घेतात, श्वासपटलाचे रुंदावलेले छिद्र टाके घालून लहान करतात आणि जठराचा वरचा भाग अन्ननलिकेभोवती गुंडाळतात. रुडॉल्फ निसेन यांनी १९५६ मध्ये मांडलेल्या मूळ पद्धतीत हे वेटोळे पूर्ण ३६० अंशांचे असते. परंतु अन्ननलिकेचा जोर कमी असेल तर पूर्ण वेटोळ्यातून घास उतरायला त्रास होऊ शकतो, म्हणून अनेक सर्जन अशा वेळी मागच्या बाजूने २७० अंशांचे, टूपे पद्धतीचे अर्धवट वेटोळे पसंत करतात. आईच्या मॅनोमेट्रीत जोर कमीच निघाला आणि त्यानुसार तिच्यावर टूपे पद्धतीने शस्त्रक्रिया झाली. ती तपासणी टाळली असती तर हे कळलेच नसते.

शस्त्रक्रियेबद्दल लिहिण्यासारखे फार नाही, आणि हे मी कौतुक म्हणूनच नोंदवतो. पोटावर पाच लहान छेद, दुसऱ्या दिवशी पाण्याचे घोट आणि वऱ्हांड्यात चालणे, असे सगळे ठरल्याप्रमाणे पार पडले. उलटीचा उमाळा आला तर आतल्या टाक्यांवर ताण येतो, म्हणून मळमळीचे औषध वेळच्या वेळी देण्याबाबत रात्रपाळीच्या सिस्टरही दक्ष होत्या.

आता त्या कागदाविषयी. डिस्चार्जच्या आदल्या संध्याकाळी आहारतज्ज्ञ बाई आल्या, उभ्या उभ्या दोन वाक्ये बोलल्या आणि पत्रक ठेवून गेल्या. त्यात पहिल्या आठवड्यासाठी ‘क्लिअर सूप, जेली’, पुढे ‘मॅश्ड पोटॅटो, कस्टर्ड, ॲव्होकाडो स्मूदी’ आणि शेवटी ‘ब्रेड, चपाती व सोडा टाळा’ असे छापलेले आहे. ज्या जिल्ह्याच्या केळ्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, जेथे रावेर-यावलकडून केळीच्या गाड्या रात्रंदिवस भरून जातात, तेथील रुग्णाच्या मऊ आहारात केळ्याचा उल्लेख नसावा आणि ॲव्होकाडो असावा, हे ज्याने लिहिले त्याने जळगावचा भाजीबाजार कधी पाहिला असेल असे वाटत नाही. भरताच्या वांग्यालाही मानांकन आहे. मऊ असूनही मिरची आणि तेलामुळे भरीत चालणार नाही, हे सांगण्यासाठी तरी त्याचे नाव हवे होते. आमच्या घरात रोज होणाऱ्या भाकरीबद्दल तर पत्रक पूर्ण गप्प आहे.

परिणाम व्हायचा तो झाला. तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास अमळनेरला नात्यातल्या लग्नात आईने शेवभाजीच्या रश्शात कळण्याची भाकरी बुडवून खाल्ली आणि दुसरा-तिसरा घास छातीत अडकला. तोंडात लाळ साचू लागली, ती थुंकावी लागत होती आणि पाण्याचा घोटही परत येत होता. मी वैतागून, ‘तुला सांगितले होते ना,’ असे म्हणालो, तर तिने शांतपणे विचारले, ‘कागदवर भाकरनं नाव कोठे शे?’ तिचे अगदी बरोबर होते. त्यावर चपाती लिहिली होती, भाकरी नव्हती, आणि तिने तो कागद शब्दशः पाळला होता.

रुग्णालयाच्या तातडीच्या क्रमांकावर रात्री फोन उचलला गेला, हे येथे आवर्जून नोंदवतो. ड्यूटीवरील डॉक्टरांनी तिला सरळ बसवून ठेवायला, घास खाली ढकलण्यासाठी वरून काहीही न द्यायला आणि लाळही गिळता येईनाशी राहिली तर थेट निघून यायला सांगितले. आम्ही गाडी काढतच होतो, तेवढ्यात घास आपोआप उतरला. सकाळी दाखवायला नेले तेव्हा डॉक्टरसाहेब म्हणाले की, शस्त्रक्रियेनंतर वेटोळ्याच्या जागी सूज असते, ती उतरायला काही आठवडे लागतात आणि तोवर पिठाचा गोळा होणारा कोणताही पदार्थ तेथे अडकू शकतो.

त्या दिवशी ड्रेसिंगच्या खोलीतील सिस्टरांनी जे केले ते ६०० रुपये घेणाऱ्या विभागाने करायला हवे होते. त्या यावलच्या, त्यामुळे आमच्या घरात काय शिजते हे त्यांना विचारावे लागले नाही. त्यांनी तेच पत्रक पालथे घातले आणि निळ्या पेनाने मागे लिहून दिले: ज्वारीच्या पिठाची पातळ पेज, मुगाच्या डाळीचे गाळलेले वरण, पूर्ण पिकलेले केळे कुस्करून, ताकाची बिनमिरचीची कढी, तूर आणि हरभरा सध्या नको, कारण आता ढेकर सहज येणार नाही आणि वायू पोटातच फिरत राहील, भाकरी डॉक्टर सांगतील तेव्हाच, तीही वरणात पूर्ण विरघळेपर्यंत चुरून. गोळ्यांबद्दलही त्यांनीच सांगितले की, मोठ्या गोळीऐवजी पातळ औषध मागून घ्या, पण आम्ल कमी करणारी पॅन्टोप्राझोलची आवरण असलेली गोळी मात्र कुटू नका, कारण ते आवरण औषधाला जठरातील आम्लापासून वाचवण्यासाठीच असते. छापील बाजूवर यातले एक अक्षरही नाही.

मी तो कागद घेऊन बिलिंगला गेलो. तेथे सांगण्यात आले की आहार सल्ल्याचे शुल्क ‘पॅकेजबाहेरचे’ असून आमच्या विमा कंपनीनेही ते नामंजूर केले आहे. दोन लाखांच्या आसपासच्या बिलात ६०० रुपयांसाठी भांडणारा माणूस त्यांना विचित्र वाटला असणार. परंतु भूलतज्ज्ञाचे शुल्क मी न कुरकुरता भरले, कारण त्यांनी काम केले होते. येथे काम सिस्टरांनी केले आणि पैसे झेरॉक्सने घेतले. लेखी तक्रार दिल्यावर ‘पत्रक सुधारण्याचे काम चालू आहे’ असे उत्तर मिळाले, आणि मागच्या आठवड्यातील फेरतपासणीत तेच पत्रक, तोच ॲव्होकाडो, तेच शुल्क. या वेळी मात्र मी पैसे भरायला नकार दिला आणि थोड्या वादानंतर ती रक्कम बिलातून वगळण्यात आली.

आईचे हिमोग्लोबिन आता लोहाच्या गोळ्यांशिवाय टिकून आहे. ती वरणात चुरलेली अर्धी भाकरी सावकाश खाते, मात्र घाईने जेवली की छातीत दाटल्यासारखे होते आणि पोट फुगते, हे अजूनही आहे. सर्जन, भूल विभाग आणि वॉर्डातील सिस्टर यांच्या भरवशावर अन्ननलिका किंवा जठराच्या शस्त्रक्रियेसाठी हे रुग्णालय मी कोणालाही सुचवीन, पुण्या-मुंबईला धावण्याची गरज नाही. आहाराबद्दल मात्र वॉर्डातील सिस्टरांनाच विचारावे आणि त्यांच्याकडूनच लिहून घ्यावे. कॅशलेस विमा असेल तर डिस्चार्जची कागदपत्रे सकाळी लवकर टीपीएकडे, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने दावे मंजूर करणाऱ्या संस्थेकडे, पाठवायला लावावीत. आमची दुपारनंतर गेली, मंजुरी रात्री आली आणि खोलीचे आणखी एका दिवसाचे भाडे लागले.