लघुकादंबऱ्यांसाठी कोणता काळ: सातवाहनांचं वडगाव की कदंबांची हलशी?

बेळगाव भागाच्या प्राचीन काळावर तीन-चार लघुकादंबऱ्यांचा संग्रह बेतायचा, तर या दोन जागांचा विचार आधी होतो.

वडगाव-माधवपूर आज शहरातच आहे. उत्खननात तिथे सातवाहनकाळातली वस्ती सापडली: विटांची घरं, नाणी, ब्राह्मी लेख. कुंभार, व्यापारी उभे करता येतात, पण नावानिशी माणसं फार थोडी. कल्पनेला मोकळं रान हवं असेल, तर हे उत्तम.

खानापूर तालुक्यातली हलशी म्हणजे पाचव्या शतकातल्या कदंब राजांची पलाशिका. तिथल्या ताम्रपटांत कथेचं बी तयारच आहे. मृगेशवर्म्याने वडिलांच्या, शांतिवर्म्याच्या, स्मरणार्थ इथे जिनालय, म्हणजे जैन मंदिर, बांधलं. त्याचा मुलगा रविवर्मा. त्याच्या दानलेखात पावसाळ्याचे चार महिने यतींच्या जेवणाची सोय आहे. एवढ्या तरतुदीवर वीस हजार शब्द सहज उभे राहतात: धान्य कोण मोजतं, गावाची वसुली थकली तर यतींना वाढायचं काय?

चुकाही हलशीतच जास्त होतात. गावात नजरेत भरणारं भूवराह नरसिंह मंदिर गोव्याच्या कदंबांच्या काळातलं, बाराव्या शतकाचं. ते पाचव्या शतकात आणलं की कथेवरचा विश्वासच उडतो. खानापूरची काजूची झाडंही नकोत. काजू, मिरची, मका, बटाटा हे सगळं पोर्तुगीज आल्यानंतरचं. ताटात भात, कुळीथ, तीळ, तिखटाला मिरी. राजाज्ञा संस्कृतात, तांब्याच्या पत्र्यांवर कोरलेली. कागद कुठेही येऊ देऊ नका.

पहिलाच संग्रह असेल तर हलशीच घ्यावी.